गिनीपिगला उचकी लागली की घास अडकला?

भागाच्या सुरुवातीला 'हिक्... हिक्...' असा जो बारीक आवाज ऐकलात, तो आमच्या गोटूचा. गोटू म्हणजे आमचा गिनीपिग. वजन नऊशे ग्रॅम, मुक्काम शेंदूरजनाघाट. त्याला उचकी लागली होती. आजी बाजूला कोथिंबीर निवडत बसली होती, ती म्हणाली, "कोनीतरी आठोन काढून राह्यलं असन त्याची." मी मात्र मोबाइल धरून सेकंद मोजत होते. कारण याआधी एकदा आमची ओळखण्यात चूक झाली होती आणि ती महागात पडली. ते पुढे सांगतेच.

आधी उचकी. ती आपल्याला लागते तशीच त्यांनाही लागते. छाती आणि पोटाच्या मधे स्नायूंचा पडदा असतो, श्वासपटल. ते मधेच झटक्यानं आखडलं की उचकी येते. घाईघाईत खाल्लं, पाणी प्यायलं, की कधीकधी होतं असं. ओळख सोपी आहे. आवाज एका तालात येतो, प्रत्येक आवाजाला अंग थोडं उडतं, आणि दोन उचक्यांच्या मधे प्राणी अगदी नेहमीसारखा असतो. डोळे टवटवीत, नाक हलतंय, इकडेतिकडे बघतोय. मिनिट-दोन मिनिटांत थांबतं आणि स्वारी परत गवताकडे वळते. इथे काही करायचं नाही. उचलायचंही नाही.

घास अडकला तर चित्र वेगळं दिसतं. मान पुढे ताणली जाते, प्राणी मागे मागे सरकतो, तोंड उघडझाप करतो, पुढच्या पायांनी तोंड घासतो, हनुवटी लाळेनं ओली होते. आवाज आला तरी त्याला ताल नसतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आवाजच बंद होणं. म्हणजे आवाज आला की आपण घाबरतो, पण खरं घाबरायचं ते शांततेला.

असं का, हे कळायला त्याच्या घशात डोकावावं लागेल. गिनीपिग श्वास घेतो तो नाकानं. त्याचा मऊ टाळू जिभेच्या मुळाला जोडलेला असतो आणि तोंडातून घशात जायला मधे एक छोटंसं भोक असतं, बस. त्यामुळे घास गालात किंवा दातात अडकला तर तो अस्वस्थ होतो, पण श्वास चालू असतो. कण त्या भोकापलीकडे जाऊन श्वासनलिकेच्या तोंडाशी बसला, तर मात्र खेळ मिनिटांचा. त्यात गिनीपिगला उलटी करता येत नाही. त्यामुळे आत गेलेलं बाहेर फेकायचा तो मार्ग बंदच.

म्हणून पहिला नियम: पाणी पाजू नका. आपल्याकडे ठसका लागला की पाण्याचा पेला पुढे येतो, पण इथे ड्रॉपरनं सोडलेलं पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकतं आणि मग न्यूमोनिया. बोट आंधळेपणानं घशात घालायचं नाही, कण आणखी आत ढकलला जातो. तो स्वतः खोकतोय, आवाज काढतोय, तर त्याला काढू द्या. समोरच काही दिसत असेल तर हळूच चिमट्यानं काढा. आवाज बंद पडला, हिरड्या निळसर झाल्या, अंग ढिलं पडलं, तरच त्याला दोन्ही हातांचा आधार देऊन डोकं थोडं खाली करा, खांद्यांच्या मधे हलकेच थोपटा आणि त्याच वेळी कुणाला तरी गाडी काढायला सांगा. व्हिडिओत दाखवतात तसं गरगर फिरवू नका, कणा दुखावतो.

आता आमची चूक. गोटूच्या आधी बंटी होता. मे महिना, बाहेर ४५ अंशांच्या आसपास, आणि त्याचा पिंजरा टिनाच्या खोलीत. दुपारी बघितलं तर तोंड उघडं, लाळ गळतेय, धापा टाकतोय. आम्हाला वाटलं काकडी अडकली. पाठ थोपटली, पाणीही पाजलं. संध्याकाळपर्यंत गेला. नंतर पशुवैद्यकांना सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, घास नव्हता, उष्माघात होता. गिनीपिगला सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या वरच त्रास सुरू होतो. मग वऱ्हाडातल्या मे महिन्याचं काय सांगायचं! त्या वेळी त्याला थंड खोलीत नेऊन कान आणि पाय ओल्या फडक्यानं पुसत दवाखाना गाठायला हवा होता. गिनीपिग तोंड उघडून श्वास घेतोय, म्हणजे कारण काहीही असो, ती धोक्याची खूण आहे. एवढं जरी आम्हाला माहीत असतं...

बरं, पुढे. घास अडकतो तो बहुतेक आपल्याच हातानं. कोरड्या पेलेटवर दोघं तुटून पडतात, म्हणून आता मी पेलेट वाटीत देत नाही, गवतात विखरून टाकते. गाजराच्या चकत्या नाही, लांब पातळ काड्या. गव्हाचं कुटार आमच्याकडे घरोघरी, पण त्यातलं कुसळ तोंडात रुततं, म्हणून ते बंद. हरळी छान, फक्त संत्र्याच्या बागेतली आणत असाल तर तणनाशक मारलंय का ते आधी विचारा.

आणि हो, संत्रं! आमच्या गावात कलमांच्या नर्सऱ्या, घरात संत्र्याची टोपली, पाहुण्याला संत्रं, गिनीपिगलाही संत्रं. कारणही चांगलं आहे: माणसासारखंच गिनीपिगच्या शरीराला क जीवनसत्त्व स्वतः बनवता येत नाही. नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक या दोघांनी १९०७ साली गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवलं, तर त्यांना खलाशांना व्हायचा तो स्कर्व्ही झाला. स्कर्व्हीत हिरड्या सुजतात, दात हलतात, चावणं नीट होत नाही आणि न चावलेला घास अडकतो. म्हणजे नेहमी ठसकणाऱ्या गिनीपिगचे दात आधी तपासून घ्यायचे. ते आयुष्यभर वाढत राहतात, गवत कमी पडलं तर वाकडे होतात. पण संत्र्यात साखर भरपूर, म्हणून आठवड्यातून एक-दोनदा अर्धी फोड, वरचा चिवट पापुद्रा काढून. रोजच्यासाठी ढोबळी मिरचीचा तुकडा बरा, त्यात क जीवनसत्त्व संत्र्याहून जास्त असतं.

ठसका थांबला म्हणून सुटलो असंही नाही. पुढचे दोन-तीन दिवस शिंका, श्वासात खरखर, नाकातून पाणी दिसलं तर दवाखाना. आणि दहा-बारा तास खाणं बंद, लेंड्या बंद, तर वाटच बघायची नाही, त्याचं आतडं थांबू शकतं. मेडिकलमधून अमॉक्सिसिलिन आणून तर मुळीच देऊ नका. तोंडावाटे दिलेलं पेनिसिलिन गटातलं औषध गिनीपिगच्या आतड्यातले चांगले जिवाणू मारतं आणि जीवही घेऊ शकतं. डॉक्टर गाई-बैलांचे असतील तर हे त्यांना आपणच आठवण करून द्यायला हरकत नाही. मोठा दवाखाना लागला तर नागपूरला किंवा अकोल्याला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आमच्या गावाहून नागपूर शंभरेक किलोमीटर.

जायच्या आधी एक काम करून ठेवा. आजच, प्राणी शांत बसलेला असताना, अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा आणि श्वास मोजा. मिनिटाला साधारण चाळीस ते शंभर असतात. आजारपणात डॉक्टरांना दाखवायला तुमच्याच प्राण्याचा नेहमीचा आकडा हाताशी राहतो. गोटूचा असा व्हिडिओ माझ्याकडे आहे. त्यात मागून आजीचा आवाज येतो, "झालं का बाप्पा तुयं? त्याले झोपू दे आता."