आजीची शिवराई आणि लिलावाचा भाव

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. गेल्या जूनमध्ये फीची जुळवाजुळव चालली असता आजीने देव्हाऱ्यामागचा डबा माझ्यापुढे ठेवला. "बघ, याचं काही येतं का!" आत तांब्याच्या सात शिवराया होत्या. एका बाजूस 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस 'छत्रपति'.

मोबाईलवर पाहते तो कुणी एका शिवराईचे पन्नास हजार मागितलेले, कुणी दोन लाख! पण बाजारात कोंबडीवाली सांगते तो भाव निराळा आणि कोंबडी जाते तो निराळा. संपलेल्या लिलावांतील प्रत्यक्ष विक्रीचे आकडे पाहिले आणि मी लाखांवरून शेकड्यांवर आले. शिवराई १६७४ च्या राज्याभिषेकानंतर पेशवाईतही पाडली जात होती. ती दुर्मिळ नव्हे.

मग बोली कितीवर उघडावी? येथेच खरी मेख आहे. लिलावात भाव ठरतो तो जिंकणाऱ्याच्या ऐपतीवर नव्हे, तर त्याच्या खालोखाल हटून बसलेल्या दुसऱ्या माणसावर. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीजमध्ये रघुजी भोसले यांची तलवार निघाली. अंदाज सहा ते आठ हजार पौंडांचा; गेली कमिशनसह ३८,१०० पौंडांना. महाराष्ट्र शासनाला ती सर्व खर्चासह ४७.१५ लाख रुपयांस पडली. अशा एकुलत्या एक वस्तूची बोली खाली उघडली तरी चालते. माणसे आपणच चढत जातात. आमच्या शिवराईला मात्र एखादाच गिऱ्हाईक भेटायचा आणि तो उघडलेल्या भावातच ती नेणार. म्हणून साध्या वस्तूची बोली आपल्याला परवडेल त्या किमान भावावरच उघडावी.

सहा झिजलेल्या नाण्यांचा मी एकच वाटा लावला, स्पष्ट अक्षरांचे सातवे वेगळे ठेवले. पण आजीने ते आदल्याच दिवशी चिंचेने घासून लखलखीत केलेले! संग्राहकाला हवा असतो जुना काळपटपणा. त्याला बोलीच आली नाही.

मधेच एका गृहस्थाचा फोन आला: रिझर्व्ह बँकेतून बोलतो, नोंदणीचे पैसे भरा, लाखाचा चेक पाठवतो. अशा व्यवहाराशी आपला संबंध नाही, असे बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले आहे. परदेशातल्या गिऱ्हाइकालाही नकार द्यावा लागला, कारण १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरील नाणी देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

वाटा सहाशे चाळीस रुपयांना गेला. त्यात फी भागली नाही, कर्जत ते कॉलेज पासाचे काम झाले. सातवी शिवराई पुन्हा डब्यात आहे, आणि आजीला चिंच लावू नकोस म्हणून रोज सांगावे लागते.