साथीला कोण?

गेल्या महिन्यात आमच्या तबलजी मित्राचं वर्षश्राद्ध होतं. जेवणं आटोपल्यावर त्याचा कॉलेजात जाणारा नातू माझ्याजवळ येऊन बसला आणि फोन पुढे करून म्हणाला, "आजोबा, आमच्या आजोबांचं नाव टाकलं तर यात काहीच येत नाही. त्यांचं वाजवणं कुठेच नाही का?"

त्या ॲपवर आमच्या लेबलची चौदा ध्वनिमुद्रणं अशी आहेत, की ज्यांत तबला त्याचा आणि पेटी माझी. गायकाचं नाव टाकलं की सगळी ओळीने येतात. तबलजीचं टाकलं की पाटी कोरी. अर्ज भरताना साथीदारांची नावं मी स्वतः भरली होती. ती वाटेत कुठे गळली, हे सांगायला तिकडे माणूस नाही.

त्याच आठवड्यात वर्षाचा हिशेब आला. निम्म्याहून जास्त ध्वनिमुद्रणांपुढे शून्य. कुणी ऐकलीच नाहीत, असं नाही. एका मोठ्या स्ट्रीमिंग कंपनीने २०२४ पासून नियम केला आहे, की मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा वाजलं नाही, तर त्या ध्वनिमुद्रणाला पैसा नाही. वाजलं म्हणजे किती, तर तीस सेकंद. अठ्ठेचाळीस मिनिटांचा बागेश्री शेवटच्या तिहाईपर्यंत ऐका, नाहीतर षड्ज लागताच बंद करा, मोजणी एकच. पन्नास वर्षं मी तबकड्या जमवल्या आणि त्यांतली चाळीस एक लहानसं लेबल चालवलं. एवढ्या काळात गाण्याला इतका कोता वेळ कुणी दिला नव्हता.

सुरुवातीची वर्षं थोडक्यात सांगतो. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. तीनएक मिनिटांत राग उरकायचा आणि शेवटी स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं. ध्वनिमुद्रिका छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळावं, म्हणून ही पद्धत. लाखेच्या तबकड्यांचं ते राज्य इथे साधारण १९७० पर्यंत चाललं. मी पेटी घेऊन मैफलींना जाऊ लागलो, तेव्हा लोक त्या तबकड्या वजनावर काढून टाकत होते. पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात मी त्या निवडायचो. मुंबईत कार्यक्रम असला की दुसऱ्या दिवशी सकाळी चोरबाजारात.

पहिल्याच वर्षी एक धडा मिळाला. अब्दुल करीम खाँसाहेबांची एक तबकडी धुळीने माखलेली मिळाली. ती स्पिरिटने पुसली. स्पिरिटमध्ये लाख विरघळते हे तेव्हा ठाऊक नव्हतं. कापूस काळा झाला, चकाकी गेली आणि सुईखाली खाँसाहेबांच्या जागी नुसती खरखर उरली. तेव्हापासून पाणी, चिमूटभर सौम्य साबण आणि मऊ फडकं. मधल्या कागदाला थेंबही लागू द्यायचा नाही. त्या कागदावर माझा फार जीव. राग, गायक, क्रमांक, सगळं तिथे असतं. पण मी पेटीवाला. माझी नजर जे शोधायची ते तिथे जवळजवळ कधीच नसायचं. साथीला कोण?

जुन्या तबकड्या अठ्ठ्याहत्तरच्या म्हणतात, पण सगळ्या त्याच वेगाने मुद्रित झालेल्या नाहीत. वेग चुकला की गायकाची पट्टी चढते, आवाज पोरका वाटतो. मी पेटी मांडीशी घेऊन बसायचो आणि तबकडीतली पेटी माझ्या पेटीशी जुळेपर्यंत फोनोची खिटी फिरवायचो. पट्ट्या सगळीकडे सारख्या नव्हत्या, तरी कानाला दिशा मिळायची. एका अनोळखी पेटीवाल्याचा हात धरून मी त्या गायकाच्या खऱ्या सुरापर्यंत पोचायचो. ज्याच्या आधाराने पोचलो, त्याचं नाव मात्र मला कधी कळलं नाही. ही खंत पुढच्या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी आहे.

आता माझ्या दशकाकडे येतो, १९८४ ते १९९४. आखातातून आलेले टू-इन-वन घराघरांत पोचले होते. कॅसेटने दोन गोष्टी केल्या. एक, कारखाना लागेना. चांगला डेक, दोन माइक आणि प्रती काढून देणारा ओळखीचा माणूस असला, की पाचशे कॅसेट बाजारात आणता येत. दुसरी याहून मोठी. सी-साठच्या एका बाजूला अर्धा तास मावायचा. तीन मिनिटांत कोंडलेला ख्याल पहिल्यांदाच सामान्य माणसाच्या घरी पाय पसरून बसला. एलपीवर वीस-बावीस मिनिटं मिळत, पण एलपी वाजवायचं यंत्र कितीजणांकडे होतं?

पुण्यात कर्वे रस्त्यावर सुरेश अलूरकरांचं अलूरकर म्युझिक हाऊस होतं. दुकान आणि लेबल दोन्ही एका माणसाच्या कानावर चालतं, हे आम्ही तिथे पाहिलं. त्यातून १९८५ साली मी आणि हा तबलजी मित्र, दोघांनी पदरचे पैसे घालून लेबल काढलं. एकच नियम ठरवला: जो वाजवील, त्याचं नाव छापायचं. तानपुऱ्यावर बसलेल्याचंही.

पहिलं ध्वनिमुद्रण एका वाड्यात रात्री बारानंतर केलं, रस्ता शांत होतो म्हणून. गाणारे बुवा सत्तरीचे. खिडक्यांना गोधड्या लावल्या, पंखा बंद केला. सात इंची स्पूल साडेसातच्या वेगाने बत्तीस मिनिटं चालते, तेव्हा दोन मिनिटं उरली की बोट वर करायचं असं यंत्रावरच्या मुलाशी ठरलेलं. बागेश्री असा रंगला, की बुवांचे डोळेच मिटलेले. मुलाने बोट वर केलं, मग दोन बोटं, मग हात. मी पेटीवरून खुणावलं. बुवा थांबले नाहीत. ताना घेत राहिले. स्पूल संपली, फितीचं टोक चाकावर फटफट आपटू लागलं, तरी गाणं चालूच. समेवर आल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "टेपला थांबवा की, मला कशाला थांबवता?"

ती शेवटची पाच मिनिटं कुठेच नाहीत. ती ऐकलेल्या चौघांपैकी आता मी एकटा उरलो. पुढच्या रात्री बुवा पुन्हा बसले आणि आम्ही रीत पाडली: एका बाजूला विलंबित, दुसऱ्या बाजूला द्रुत आणि एखादं नाट्यपद.

कव्हरचा कागद छापायला गेलो, तर छापणारा म्हणाला, "साहेब, एवढी नावं कोण वाचतंय? गायकाचा फोटो मोठा घ्या." मी फोटो लहान केला. तबला, संवादिनी, तानपुरा, तारीख, गाव, सगळं छापलं. आठवड्याने तानपुऱ्यावर बसलेल्या विद्यार्थिनीची आई घरी आली. पाच कॅसेट विकत घेतल्या आणि लेकीच्या नावावर बोट ठेवून बराच वेळ उभी राहिली. त्या क्षणी मला वाटलं, आपण योग्य ते करतोय. आजही तसंच वाटतं.

त्या दशकात एकटेपणही सरलं. १९९० साली मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स उभी राहिली. सुरेश चांदवणकरांसारख्या माणसांनी घरोघरच्या वेड्यांना एकत्र आणलं. तबकड्यांचे क्रमांक, तारखा, साथीदार यांच्या याद्या होऊ लागल्या. १९९२ च्या जानेवारीत कुमार गंधर्व गेले आणि सप्टेंबरात मल्लिकार्जुन मन्सूर. तेव्हा कळलं, की जे मुद्रित झालंय तेवढंच आता हाती राहणार.

आणि याच दशकात घाव बसला. मुंबईच्या एका घाऊक व्यापाऱ्याने आमच्या चारशे कॅसेट उधारीवर उचलल्या. दोन वर्षं "खपल्या की देतो" चाललं. मग एक दिवस स्वारगेटला एका गाड्यावर आमचाच बागेश्री निम्म्या किमतीत दिसला. फीत हलकी, सूर हेलकावे खाणारा. कव्हर आमच्याच कागदाची नक्कल, पण खालची पट्टी कापलेली. साथीदारांची नावं होती तीच पट्टी. माल कुठून आला असं विचारल्यावर गाडीवाल्याने त्याच व्यापाऱ्याचं नाव सांगितलं. मी गेलो तर तो चहा देऊन म्हणाला, "धंद्यात चालतं." कलावंताच्या सादरीकरणावर त्याचा स्वतःचा हक्क असतो, हे आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने आलं. आमच्या उपयोगाला ते उशिरा पडलं. पैसे बुडाले ते मी विसरलो. ती कापलेली पट्टी विसरलो नाही.

पुढची वीस वर्षं सांगण्यासारखी नाहीत. सीडी आली, गेली. एमपी-थ्रीच्या एका चकतीत शंभर गाणी कोंबली जाऊ लागली आणि माहितीचा कागदच उरला नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस बंद झालं. काउंटरपलीकडून "याच्या साथीला कोण आहे बघा" असं सांगून कॅसेट हातात ठेवणारी माणसं त्यासोबत गेली. आम्ही स्पुलींवरची बुरशी पुसून सगळं डिजिटल केलं आणि ॲपवाल्यांच्या हवाली केलं. जग ऐकेल, असं वाटलं होतं.

जगाचं सोडा. १९७७ साली व्हॉयेजर यानांवर जी सोन्याची तबकडी गेली, तिच्यात केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. यानं निघाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई गेल्या. त्यांतलं एक यान २०१२ साली ताऱ्यांमधल्या मोकळ्या अवकाशात पोचलं. त्या तबकडीच्या यादीत या भैरवीपुढे नाव आहे ते एकट्या केसरबाईंचं. माणसाचा सूर इतका दूर पाठवताना, ज्यांनी तो तोलून धरला त्यांची नावं लिहायची राहून गेली. मग फोनवरच्या ॲपकडून काय आशा धरायची?

पण हात जोडून बसायचं माझ्या स्वभावात नाही. नातवाचा तो प्रश्न ऐकून रात्री झोप लागली नाही. पहाटे गौहर जान आठवली. हॅनोव्हरच्या कारागिरांना कागदावर विसंबता येत नव्हतं, म्हणून नाव गाण्यातच सांगितलं जात होतं. कागदाची पट्टी कापता येते, यादीतला रकाना गाळता येतो. आवाजाला चिकटलेला आवाज तोडायचा, तर कुणाला तरी मुद्दाम बसावं लागेल.

तेव्हापासून एकेक ध्वनिमुद्रण पुन्हा तयार करतोय. शेवटच्या समेनंतर चार क्षण तानपुरा, आणि मग नावं. पेटीवर कोण, तानपुऱ्यावर कोण, कुठला वाडा, कुठली तारीख. माझा आवाज आता थरथरतो, म्हणून गेल्या रविवारी नातवाला बोलावलं. तो माइकपुढे बसला. पहिल्यांदा नाव घाईत म्हणाला. मी म्हटलं, "सावकाश. सम आली आहे, घाई नाही." दुसऱ्यांदा त्याने श्वास घेतला आणि म्हणाला, "तबल्यावर…" आणि आजोबांचं पूर्ण नाव, आडनावासकट, नीट उच्चारलं.

ध्वनिमुद्रणाची लांबी त्यामुळे अकरा सेकंदांनी वाढली आहे.