बाबांचा आयएनआर किती?

सोमवारची सकाळ. अकरा वाजता स्टोरीची डेडलाइन, एका हातात टूथब्रश, दुसऱ्या हातात मोबाइल. साताऱ्याहून आईचा फोन. ‘‘अगं, एक पॉइंट चार आलाय!’’ झालं... डेडलाइन गेली उडत.

हा क्रिकेटचा रनरेट नाही की शेअरचा भाव नाही. हा बाबांचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा.

डिसेंबर २०२२ मध्ये बाबांच्या हातून चहाचा कप निसटला. तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणत शेजाऱ्यांनी तेल चोळलं. हॉस्पिटल गाठेपर्यंत सहा तास गेले होते आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आमचं हुकलं. तुमच्याकडे असं काही झालं तर प्लीज, तेल नको, थेट गाडी काढा!

लहानपणीच्या रुमॅटिक फिव्हरने बाबांच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली होती, ठोकेही अनियमित. तिथे साचलेल्या रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन अडकली. मग सुरू झाली रक्त पातळ करणारी गोळी. (खरं तर रक्त पातळबितळ काही होत नाही, गोठायला वेळ लागतो एवढंच!) हिची थोरली बहीण वॉरफरिन. ती १९४८ मध्ये बाजारात आली ती उंदीर मारायला. माणसांसाठी मंजुरी मिळाली १९५४ मध्ये. हे ऐकल्यावर बाबा आजारपणानंतर पहिल्यांदा खळखळून हसले.

टेस्ट साधीच. निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त घेतात, त्यातल्या प्लाझ्मात एक रसायन घालतात आणि गोठायला किती सेकंद लागले ते मोजतात. पण रसायन बदललं की सेकंद बदलायचे. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये सगळ्या लॅब्ससाठी एकच मोजपट्टी आणली, तीच ही. निरोगी माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो. बाबांचा हवा २ ते ३. खाली घसरला तर पुन्हा गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची.

आणि हा आकडा महा लहरी! ही गोळी व्हिटॅमिन के च्या विरोधात काम करते आणि ते पालेभाज्यांत भरपूर. आईने कुठेतरी ऐकून मेथी, पालक, अळू, सगळं बंद केलं. डोस त्या हिशोबाने बसला. मग थंडीत मावशीकडून मेथी आली, आठवडाभर रोज मेथी... आणि आकडा १.४. डॉक्टर म्हणाले, पालेभाजी खा की, पण दर आठवड्याला साधारण तेवढीच. उलटा किस्साही झालाय. पोट बिघडलं म्हणून बाबांनी घरात उरलेल्या मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या घेतल्या. हिरड्यांतून रक्त आणि आयएनआर ५.८!

नव्या गोळ्यांना अशा टेस्ट लागत नाहीत, मग त्या का नाहीत, असं मीही भांडले. पण बाबांसारखी झडप अरुंद असलेल्यांसाठी जुन्याच गोळ्या सरस, असं २०२२ च्या इन्व्हिक्टस अभ्यासात दिसलं. गप्प बसले.

एक गोष्ट मला उशिरा कळली. आयएनआर नीट राहिला म्हणून बाबांचा हात सुधारत नाही. शर्टाची बटणं लावायला ते फिजिओथेरपीनेच शिकले, आठ महिन्यांनी. शब्द शोधणं अजून चालूच आहे. हा आकडा फक्त दुसरा झटका दूर ठेवायला मदत करतो. पण दुसरा आला तर कमावलेलं सगळं पाण्यात, म्हणून त्याची एवढी सरबराई.

शेवटच्या रिपोर्टचा फोटो आता आम्हा तिघांच्याही मोबाइलमध्ये असतो. वेळ आलीच तर इमर्जन्सीतल्या डॉक्टरांना तो लागेल, कारण आयएनआर १.७ च्या वर असेल तर ते गुठळीचं इंजेक्शन सहसा देत नाहीत.

त्या सोमवारी डॉक्टरांनी डोस बदलला. पुढच्या सोमवारी पुन्हा टेस्ट. या वेळी फोन बाबांचाच.

‘‘दोन पॉइंट...’’ शब्द अडकला. मागून आई सांगायला लागली, तिला त्यांनी गप्प केलं. मी थांबले.

‘‘...तीन!’’