नव्याने काढलेले जुने फोटो

‘द वॉटरमेलन वुमन’ हा १९९६चा चित्रपट मी दर थोड्या वेळाने थांबवत पाहते, तो त्यातल्या फोटोंसाठी. फिलाडेल्फियात व्हिडिओ कॅसेटच्या दुकानात काम करणारी शेरिल ही तरुणी १९३०च्या दशकातल्या फे रिचर्ड्स या कृष्णवर्णीय नटीचा माग काढते. मोलकरणीच्या भूमिका करणाऱ्या या नटीचं एका गोऱ्या दिग्दर्शिकेवर प्रेम होतं. तिचे फोटो पडद्यावर येतात: कडा झिजलेल्या, मधोमध घडी, कुठे डाग. कुणाच्या तरी ट्रंकेतून निघालेत असंच वाटतं.

प्रत्यक्षात फे रिचर्ड्स कधी नव्हतीच. अशा बाईचा इतिहास कुणी जपलाच नव्हता. म्हणून दिग्दर्शिका शेरिल डुनये हिने छायाचित्रकार झोई लिओनार्डला हाताशी धरलं. त्या काळचे कपडे, तेव्हाची केशरचना, तशीच प्रकाशयोजना. मग प्रिंटही मुद्दाम जुन्या केल्या. असे ८२ फोटो!

बजेट होतं सुमारे तीन लाख डॉलर. तंगी जागोजागी दिसते, पण ती लपवलेली नाही. नायिका डुनये स्वतःच. फोटोंतली गोरी दिग्दर्शिका म्हणजे चित्रपटाची निर्माती अलेक्झांड्रा जुहास. नायिका आणि तिची मैत्रीण लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करतात, त्यामुळे खरखरीत व्हिडिओसुद्धा कथेत चपखल बसतो. पैसे कमी पडले की पटकथेनेच भार उचलायचा, ही अक्कल मला महागड्या कॅमेऱ्यापेक्षा मोलाची वाटते.

या खर्चात सरकारी कलानिधीचे ३१,५०० डॉलर होते, म्हणजे जेमतेम दहावा हिस्सा. दोन स्त्रियांच्या प्रणयदृश्यावरून वर्तमानपत्रात ओरड झाली आणि पीट होक्स्ट्रा या अमेरिकी काँग्रेसच्या सदस्याने कलानिधीच्या तरतुदीतून नेमकी तेवढीच रक्कम कापायची मागणी केली. बाकीचा पैसा निधीसंकलनाचा, मित्रमैत्रिणींच्या खिशातला. त्याचा हिशेब अर्थातच कुणी विचारला नाही!

बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात १९९६मध्येच चित्रपटाला टेडी पुरस्कार मिळाला होता. २०२१मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीतही त्याची निवड झाली. पण डुनयेचा पुढचा मोठा चित्रपट, ‘स्ट्रेंजर इनसाइड’, यायला २००१ उजाडलं आणि तोही एचबीओ या वाहिनीसाठी केलेला. पुरस्कारांनी नाव झालं, पुढच्या चित्रपटाची सोय झाली नाही.