म्हशीच्या वजनाचं विमान

मागच्या वेळी आपण चाळीतला कांदा का सडतो यावर बोललो, आणि आज एकदम विमानावर बोलणार म्हटल्यावर तुम्हाला हसू येईल. पण हा विषय मी शोधून आणलेला नाही. तो आमच्या बचत गटाच्या दारात आपल्या पायांनी चालत आला.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर एक गृहस्थ गावात आले. आमच्या गटातल्या एका काकूंचं धरणाच्या अंगाला मुरमाड रान आहे. लांबट, सपाट, खरीप सोडला तर पडीकच. ते त्यांना चार महिने भाड्याने हवं होतं. तिथून छोट्या विमानात बसवून पर्यटकांना धरण, द्राक्षबागा, डोंगर वरून दाखवायचे, असा त्यांचा धंदा. भाडं चांगलं देत होते. शेजारी गटाने झुणका-भाकरीचा स्टॉल टाकावा, तिकिटंही आपणच फाडावीत, दर तिकिटामागे गटाला पैसे, आणि पहिल्या दिवशी दोघींना फुकट चक्कर. काकू तर त्याच बैठकीत म्हणाल्या, "पहिली मी बसणार. साठ वर्षं हे रान खालून बघतेय, एकदा वरून बघू द्या."

पुढच्या आठवड्यात टेम्पोतून ते यंत्र आलं. आम्ही सगळ्या बघायला गेलो. तीन चाकं, मागेपुढे दोन सीट, पाठीमागे इंजिन आणि त्याला मोठा पंखा. वर ॲल्युमिनियमच्या नळ्यांवर ताणलेलं जाड कापड, तोच त्याचा पंख. दार नाही, काच नाही. काकू म्हणाल्या, "ह्याला विमान म्हणायचं? ही तर बिनटपाची रिक्षा."

त्याला मायक्रोलाइट म्हणतात, म्हणजे अगदी हलकं विमान. आपल्याकडच्या नियमात जास्तीत जास्त दोन माणसं आणि पेट्रोल, माणसं, यंत्र सगळं धरून ४५० किलोच्या आत वजन. एका चांगल्या मुऱ्हा म्हशीचं वजन जवळपास तेवढंच भरतं. काहींना नेहमीच्या विमानासारखे ताठ पंख आणि बंद केबिन असते, काही अशी कापडी पंखांची उघडी असतात. वेग साधारण आपल्या जीपगाडीएवढा.

एवढंसं इंजिन दोन माणसांना वर कसं धरतं? तर इंजिन धरतच नाही, हवा धरते. लहानपणी एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून तळवा थोडा तिरका केलाय ना? (आता करू नका, आणि मुलांनाही करू देऊ नका.) हात आपोआप वर उचलला जातो. गाडी थांबली की हात पडतो. पंखाचं काम तेच. इंजिनाने फक्त पुढे ढकलायचं, हवा पंखावरून वाहती ठेवायची. वेग फार कमी झाला तर पंखाची हवेवरची पकड सुटते, आणि उडवणाऱ्याने सगळ्यात जास्त भ्यायचं ते याला. इंजिन बंद पडलं म्हणजे विमान दगडासारखं खाली येतं असं नाही. नाक थोडं खाली ठेवून वेग राखला तर ते घसरगुंडीसारखं उतरत जातं. एक किलोमीटर उंचीवर असलं तर सुमारे सात-आठ किलोमीटर लांब जाऊ शकतं. फक्त उतरायला खाली मोकळं रान पाहिजे. आणि इथेच आपल्या भागाची अडचण आहे. वरून द्राक्षबाग हिरव्या सतरंजीसारखी दिसत असेल, पण त्या सतरंजीत लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा आहेत. धरणाच्या पाण्यावर उतरता येत नाही. म्हणजे जे बघायला लोक पैसे देणार, त्याच्यावर फार खाली उडणं हेच जास्त धोक्याचं.

काकूंच्या रानाच्या एका टोकाला विजेची लाइन आहे. आमच्यातल्या एकीने ती दाखवली, तर गृहस्थ म्हणाले, "दिसते की ती." खालून दिसते, कारण आपण खांबापासून खांबापर्यंत नजर नेतो. वरून खालच्या मातीच्या रंगात तार हरवून जाते. या असल्या विमानांना तारांची भीती का असते ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी नंतर भाचीकडून ऐकलं. तिची गोष्ट पुढे सांगते.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. यात तुम्हाला शिकवायला नको. उफणणीला बसायचं तर एकसारखा वारा लागतो, हे आपल्याला कुणी पुस्तकातून सांगितलेलं नाही. दुपारी ऊन तापलं की नांगरलेली काळी जमीन जास्त तापते, पाणी आणि ओली बाग कमी तापते. तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, शेजारची खाली बसते. त्यातूनच वावटळ उठते, आणि त्याच वर जाणाऱ्या हवेवर घार पंख न हलवता गोल गोल चढते. घारीला जे फावतं ते या हलक्या यंत्राला हिसके देतं. म्हणून शहाणा माणूस उजाडताना उडतो, नाहीतर संध्याकाळी उन्हं उतरल्यावर. भर दुपारी बारा वाजता फेऱ्या मारणारा दिसला तर तिकीट काढू नका, मग तो कितीही गोड बोलो. डोंगराच्या आडोशाच्या बाजूलाही तसंच. ओढ्यात मोठा दगड असला की त्याच्या मागे पाणी भोवरे घेतं, तसे अंजनेरी-ब्रह्मगिरीसारख्या डोंगरांमागे वारा भोवरे घेतो. हिवाळ्यात आणखी एक, पाखरं. निफाड तालुक्यातलं नांदूरमध्यमेश्वर, गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथलं पाणथळ रान, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. तिथे थंडीत बदकांचे, हंसांचे थवे येतात. त्यांच्यात इंजिन घुसवणं पाखरांनाही वाईट आणि आत बसलेल्यालाही.

यातून तुम्हाला वाटेल की ही सगळी थट्टामस्करीची खेळणी आहेत. तसं अजिबात नाही. इव्ह जॅक्सन नावाची एक इंग्रज बाई १९८६ मध्ये असल्याच एका छोट्या विमानातून एकटी इंग्लंडहून निघाली आणि पंधरा महिन्यांनी ऑस्ट्रेलियाला पोचली. विजयपत सिंघानिया १९८८ मध्ये इंग्लंडहून भारतापर्यंत मायक्रोलाइटने २३ दिवसांत आले. २००७ मध्ये आपल्या हवाई दलाचे राहुल मोंगा आणि अनिल कुमार हे दोन अधिकारी ७९ दिवसांत मायक्रोलाइटने पृथ्वीची फेरी पूर्ण करून आले. पण यातल्या प्रत्येकाने रोज उडण्याआधी हवामान पाहिलं, कागद दाखवले, परवानगी घेतली, आणि जमलं नाही तिथे मुक्काम केला.

यातले सिंघानिया आपल्या जिल्ह्याला वेगळ्याच कारणाने माहीत आहेत. २६ नोव्हेंबर २००५ ला सकाळी ते मुंबईहून गरम हवेच्या प्रचंड फुग्याने वर गेले. तेव्हा त्यांचं वय ६७. फुग्याखाली सगळीकडून बंद अशी कुपी होती, कारण एवढ्या उंचीवर श्वासाला हवा पुरत नाही आणि थंडी उणे पन्नासच्याही खाली जाते. ते २१ किलोमीटर उंचीवर पोचले. कळसूबाईवर कळसूबाई अशा जवळजवळ तेरा रचल्या तर तेवढी उंची होईल. गरम हवेच्या फुग्याचा तो जागतिक विक्रम ठरला. आणि उतरले कुठे? आपल्या सिन्नर तालुक्यातल्या पंचाळ्याला. फुग्याला सुकाणू नसतं. आतली हवा तापवली की वर, निवू दिली की खाली, एवढंच माणसाच्या हातात. पुढे कुठे जायचं ते वारा ठरवतो. मायक्रोलाइटला इंजिन आहे, वळता येतं, म्हणून ते घरी परत येऊ शकतं. फरक एवढाच, पण मोठा आहे.

आता भाचीची गोष्ट. ती कॉलेजात एनसीसीच्या हवाई शाखेत आहे. या शाखेतल्या मुलामुलींना शिबिरात मायक्रोलाइटमधून शिक्षकाबरोबर उडायला मिळतं, आणि त्याचं तिकीट काढावं लागत नाही. ज्यांच्या मुली कॉलेजला जाणार आहेत त्यांनी प्रवेशाच्या वेळीच विचारा, तिथे हवाई शाखा आहे का. सगळ्या कॉलेजांत नसते. भाची खाली उतरल्यावर मला फोनवर म्हणाली, "मावशी, विहिरी म्हणजे जमिनीला लावलेल्या टिकल्या दिसतात. आणि पाणी कुठून कुठे जातं ते एका नजरेत कळतं." मी कितीदा बांधावर उभी राहून नाल्याचं भांडण ऐकलंय, ते आठवलं मला.

त्या गृहस्थांचा प्रस्ताव मी तिला सांगितला, तर तिने पहिला प्रश्न विचारला, "यंत्रावर नंबर काय लिहिलाय?" जसा आपल्या गाडीला एमएच पंधरा, तसा भारतातल्या विमानाला व्हीटीने सुरू होणारा नंबर असतो, आणि तो मोठ्या अक्षरांत रंगवलेला लागतो. नोंदणी दिल्लीच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे होते. शिवाय उडवणाऱ्याचा परवाना आणि त्याची मुदत बघायची. शिवाय २०२१ पासून महाराष्ट्रात साहसी पर्यटनाचं धोरण आहे. जमिनीवरचे, पाण्यातले आणि हवेतले असे खेळ पैसे घेऊन चालवणाऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. आणि नाशिकचं आभाळ मोकळं नाही, हे आपण विसरतो. ओझरला १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे, तिथून लढाऊ विमानं उडतात. गांधीनगरला सैन्याची हेलिकॉप्टर शाळा आहे. तिथूनच २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक सैन्याच्या पहिल्या लढाऊ महिला वैमानिक म्हणून बाहेर पडल्या. देवळालीला तोफांचा सराव चालतो. अशा ठिकाणी मनात आलं आणि उडालं, असं चालत नाही.

मग आम्ही बैठक घेतली आणि गृहस्थांकडे कागद मागितले. एक चकचकीत फाईल आली. आमच्यातली दहावी झालेली सून ती घेऊन रानात गेली आणि कागदावरचा नंबर पंखावरच्या नंबराशी ताडून बघितला. दोन्ही वेगळे निघाले. ते म्हणाले, "तो आमच्या दुसऱ्या मशीनचा कागद आहे, याचा येतोय." आम्ही म्हटलं, आला की या. विम्याचं विचारलं तर म्हणाले, प्रवाशाकडून फॉर्मवर सही घेतो. तो फॉर्म इंग्रजीत होता. वाचून घेतला तर त्यात लिहिलं होतं की काही झालं तर कुणाचीही जबाबदारी नाही. तिकिटं मात्र गटाच्या नावाने फाडायची होती! म्हणजे रान काकूंचं, तिकीट गटाचं, आणि जबाबदारी कुणाचीच नाही. तुमचा स्वतःचा अपघात विमा असेल तरी त्यातलं उड्डाणाचं कलम आधी वाचून घ्या. बऱ्याच पॉलिसींत असल्या खेळांना भरपाई नसते.

गृहस्थ परत आले नाहीत. एका हंगामाचं भाडं गेलं, स्टॉलसाठी घेतलेली मोठी परात तशीच पडून आहे, आणि दोघी-तिघी अजून म्हणतात की आपण फार चिकित्सा केली. असेलही. मला त्या दिवसाबद्दल वाईट वाटतं ते काकूंसाठी.

कागद सरळ असलेल्या ठिकाणी तुम्ही कधी बसायला गेलात तर एक सांगते. या उघड्या विमानाचा पंखा तुमच्या पाठीमागे असतो. सुटलेली कुठलीही वस्तू सरळ त्यात जाते. पदर, ओढणी, गजरा, चप्पल, हातातला फोन, सगळंच. साडीवर बसूच नका. पंजाबी ड्रेस असेल तर ओढणी खाली ठेवा, वरून अंगभर सूट मागा, केस बांधून हेल्मेट घाला. आपलं वजन विचारलं तर लाजून कमी सांगू नका, त्यांचा सगळा हिशोब त्यावर असतो. "पट्टा कसा सोडायचा" हे बसण्याआधी स्वतः एकदा करून बघा. आणि वर गेल्यावर ओरडून बोलू नका, ऐकू येत नाही. खुणा आधी ठरवून घ्या.

गांधीनगरचं हेलिकॉप्टर गावावरून गेलं की काकू अजून खुरपं खाली ठेवून वर बघतात आणि मला विचारतात, "का गं, आले का त्याचे कागद?"

पंचाळे आणि आसपासच्या मैत्रिणींनो, २००५ चा तो फुगा तुमच्यापैकी कुणी उतरताना पाहिला असेल तर केंद्रावर येऊन सांगा, नाहीतर आवाज रेकॉर्ड करून पाठवा. पुढच्या महिन्यात तुमच्याच आवाजात ऐकवू. नमस्कार.