हिरवा ठिपका म्हणजे व्हीगन नव्हे! मिठाईची ऑर्डर घेण्याआधी हे तपासा

समजा, तुम्ही शिरूर किंवा दौंडला घरून मिठाई विकताय. रांजणगाव एमआयडीसीतून फोन येतो, "दिवाळीचे २०० बॉक्स हवेत, त्यातले २० व्हीगन." तुम्ही म्हणता, "आमचं सगळं शुद्ध शाकाहारीच आहे!" इथेच घोळ होतो.

आपल्या नियमांत दूध, तूप, मध शाकाहारीच धरतात, म्हणून पेढ्यालाही हिरवा ठिपका असतो. व्हीगन माणूस मात्र यातलं काहीच खात नाही. म्हणजे पेढा, बर्फी, तुपातला बेसन लाडू बाद.

मग उरलं काय? शेंगदाणा चिक्की, तिळाचे लाडू, दाण्याचे लाडू! गूळ तर दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळातच मिळतो. फक्त ताटाला तुपाऐवजी तेलाचा हात लावा आणि कढई, झारा वेगळा ठेवा.

शाकाहारी गिऱ्हाईकासाठीही तीन गोष्टी बघा:

१. जेलीच्या गोळ्यांतलं जिलेटिन: जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं.
२. लाल रंग आयएनएस १२०: किड्यांपासून काढतात.
३. चांदीचा वर्ख: पूर्वी जनावरांच्या आतड्यांत ठेवून कुटायचे. २०१६ मध्ये एफएसएसएआयने त्यावर बंदी आणली. तरी पुरवठादाराला विचारा आणि पक्कं बिल घ्या.

आणि हो, व्हीगन चिन्ह मनानेच छापू नका. २०२२ च्या नियमांनुसार त्याला एफएसएसएआयची मंजुरी लागते.

आजच वही काढा आणि प्रत्येक पदार्थात काय काय पडतं ते लिहा. पुढचा फोन आला की अंदाजाने नाही, वही बघून "हो" म्हणा.