अडगळ घरात, भुर्दंड खिशाला
महाड-पोलादपुरात पावसाळ्याआधीची आवराआवर पैसे कशी वाचवते?

घर आवरणे म्हटले की दिवाळीची साफसफाई आठवते. महाड आणि पोलादपूर तालुक्यांत मात्र घर आवरण्याचा खरा हंगाम मे महिना आहे. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की घरात काय आहे, कुठे आहे आणि किती उंचीवर आहे, यावर हजारो रुपयांचा हिशेब अवलंबून असतो.

प्रश्न पैशांचा कसा?

सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूरमार्गे महाडला येते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस आणि त्याच वेळी खाडीला भरती असली की पाण्याचा निचरा मंदावतो आणि महाडच्या सखल भागात पाणी शिरते. २२ जुलै २०२१ रोजी शहराने हे अनुभवले. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. पोलादपूर तालुक्यातील साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथेही दरडींनी बळी घेतले.

पूर ओसरल्यावर रस्त्यांच्या कडेला भिजलेल्या गाद्या, फुगलेली कपाटे, टीव्ही, फ्रीज यांचे ढीग लागले होते. त्यानंतर राज्य सरकारने प्रत्येक पूरग्रस्त कुटुंबाला १० हजार रुपयांचे सानुग्रह अनुदान जाहीर केले. त्या दिवसांत मदतीचा आधार मोठा होता, पण एवढ्या रकमेत फ्रीजही येत नाही. म्हणून घरातले नुकसान कमी होणे हीच मोठी बचत ठरते.

आवराआवरीचा संबंध इथे येतो. माळा, कपाटाचा वरचा कप्पा, पोटमाळा या घरातल्या सर्वांत सुरक्षित जागा. बहुतेक घरांत तिथे फुटके कुकर, रिकामे खोके, जुन्या वह्या असतात. शिलाई मशीन, मिक्सर, धान्याचे डबे आणि मुलांची पुस्तके मात्र जमिनीलगत. वरची अडगळ काढली की खालची किमती वस्तू वर जाते. त्यासाठी एक रुपयाही खर्च येत नाही.

मुंबईतली जुनी वस्तू गावाला

पोलादपूर आणि महाडच्या वाड्यावस्त्यांवरील असंख्य कुटुंबे मुंबईत कामाला आहेत. गावचे घर गणपती, शिमगा आणि मे महिन्यात उघडते. मुंबईच्या खोलीत नवा फ्रीज आला की जुना ‘गावाला होईल’ म्हणून टेम्पोत चढतो. जुना सोफा, गादी, टीव्ही यांचाही प्रवास असाच होतो.

या ‘फुकट’ वस्तूचा हिशेब मांडून पाहावा. आधी टेम्पोचे भाडे, मग दुरुस्ती, त्यानंतर विजेचे बिल. समजा, जुना फ्रीज दिवसाला दोन युनिट वीज घेतो. म्हणजे महिन्याला ६० युनिट. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटनंतर पुढचा, महागडा टप्पा लागतो. एरवी १०० च्या आत राहणारे बिल या एका वस्तूमुळे वरच्या टप्प्यात जाऊ शकते. बंद घरात तर वापर नसताना ओल आणि उंदीर त्या वस्तूचे भंगार करतात. मुंबईतच ती विकली किंवा गरजूला दिली, तर निदान भाडे तरी वाचते.

आगोट भरण्याआधी डबे रिकामे

पावसाळ्यापूर्वी आगोट भरणे ही कोकणची जुनी रीत. तांदूळ, वाल, मसाला, सुकट, बोंबील, कांद्याच्या माळा असा चार महिन्यांचा साठा मेमध्ये होतो. दर पाहून एकदम खरेदी केल्याने पैसे वाचतात. पण मागच्या वर्षीचे वाल कोणत्या डब्यात आहेत, हे न पाहता नवे आणले तर जुन्याला भुंगा लागतो आणि तो नव्यातही शिरतो.

यावर उपाय सोपा आहे. खरेदीआधी सगळे डबे बाहेर काढावेत, जुने धान्य उन्हात घालावे, डब्यावर महिना-वर्ष लिहावे आणि जुने पुढे, नवे मागे ठेवावे. यादी त्यानंतरच करावी. ताडपत्री, टॉर्च, छत्र्या यांनाही हाच नियम लावावा. दर जूनमध्ये नवी ताडपत्री घेणाऱ्या अनेक घरांत गेल्या वर्षीची ताडपत्री पडवीत गुंडाळलेली सापडते.

कारखान्यातली शिस्त घरात

ही पद्धत महाड एमआयडीसीत काम करणाऱ्यांना अपरिचित नाही. जपानी कारखान्यांतून आलेली ‘फाइव्ह एस’ पद्धत हेच सांगते: नको ते वेगळे काढा, प्रत्येक वस्तूची जागा ठरवा, स्वच्छ ठेवा, नियम करा आणि तो पाळा. हत्यार शोधण्यात गेलेला वेळ कारखान्यात तोटा मानतात. घरात वस्तू सापडत नाही तेव्हा ती दुसऱ्यांदा विकत आणली जाते, एवढाच फरक.

मात्र आवरण्यासाठी आधी प्लास्टिकचे नवे डबे आणि रॅक घेऊ नयेत. निम्मे सामान कमी झाल्यावर त्यांची गरजच उरत नाही.

कागदपत्रे आणि विमा

दरडीचा इशारा मिळाल्यावर घर सोडायला काही मिनिटेच मिळतात. तेव्हा रेशनकार्ड, आधार, बँक पासबुक, सातबारा, घरपट्टीची पावती एकाच जलरोधक पिशवीत हवी. पंचनाम्याच्या वेळी हीच कागदपत्रे लागतात. हरवली तर त्यासाठीच्या खेपा, प्रवास आणि बुडालेली मजुरी हाही खर्चच. आधारसारखी कागदपत्रे डिजिलॉकरमध्येही ठेवता येतात.

आवरतानाच प्रत्येक खोलीचे मोबाइलवर फोटो काढून ते गावाबाहेरच्या नातेवाइकाला पाठवावेत. विम्याच्या दाव्यात त्यांचा उपयोग होतो. एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित विमा पॉलिसी उपलब्ध आहे. तिच्यात पूर आणि दरड यांचा समावेश आहे. घराच्या इमारतीचा विमा उतरवला, तर त्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, घरातील सामानालाही आपोआप संरक्षण मिळते. १५ लाखांच्या घरासाठी हे संरक्षण तीन लाखांचे होते. दागिन्यांसाठी मात्र वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

काय काढावे, काय ठेवावे?

• रद्दी, लोखंड, पत्रा पावसाआधी विकावे. भिजलेल्या रद्दीला भाव मिळत नाही.
• तांब्या-पितळेची भांडी घाईने मोडीत काढू नयेत. आधी वजन आणि दोन ठिकाणचा भाव पाहावा.
• जुने दस्त, फेरफार, वारसनोंदीचे कागद रद्दीत जाणार नाहीत, याची घरातल्या ज्येष्ठांकडून खात्री करावी.
• मुदत संपलेली औषधे वेगळी काढावीत. उरलेल्यांची यादी डब्यावर चिकटवावी.
• काढलेला कचरा नाल्यात किंवा नदीपात्रात टाकू नये. तुंबलेला नाला पहिले पाणी आपल्याच दारात आणतो.
• तळमजल्यावर राहणाऱ्यांनी अंथरुणे, धान्य आणि विजेची उपकरणे जूनपूर्वीच वर हलवावीत. पाणी रात्री चढते तेव्हा उचलायला माणसे आणि उजेड, दोन्ही कमी पडतात.

सगळे घर एका दिवसात आवरत नाही. सुरुवात माळ्यापासून करावी, कारण पुराच्या रात्री हीच जागा सर्वांत आधी लागते.